‘जोडा’ म्हणजे नेमके काय करा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, तंत्रज्ञानाच्या पानावर, छोट्या सिंगल बोर्ड संगणकाची ओळख करून देणारा लेख आला होता. लेख चांगला आहे आणि चित्रेही ठसठशीत आहेत. माझी तक्रार त्यातल्या अडीच ओळींपुरती आणि खालच्या एका चौकटीपुरती आहे. बिनतारी कीबोर्ड कसा वापरावा हे सांगणाऱ्या त्या अडीच ओळींत ‘जोडा’ हे क्रियापद तीन वेळा आले आहे आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा आहे. मी ३६ वर्षे मुद्रितशोधक म्हणून काम केले. एकच शब्द तीन अर्थांनी वापरलेला दिसला की पेन्सिल आपसूक समासाकडे वळायची. या खेपेस ती वळायला चार संध्याकाळी लागल्या, कारण चूक शब्दात आहे हे उमगेपर्यंत मी ती कीबोर्डात शोधत होते.

माझ्याकडे असाच एक छोटा संगणक, रास्पबेरी पाय आहे, चौथ्या पिढीचा. भाच्याने दिला. ८५ मिलिमीटर लांब, ५६ मिलिमीटर रुंद. टीव्हीच्या पाठीला चिकटवला की दिसतही नाही. घरात त्याला नुसते ‘पाय’ म्हणतात आणि तो अडला की ‘मावशीचा पाय पुन्हा धरला’ ही कोटी ठरलेली. मी त्यावर जुन्या वह्या टंकून ठेवते. टीव्ही आणि माझी खुर्ची यांत आठ फुटांचे अंतर आहे. तारेचा कीबोर्ड तेवढा पोहोचत नाही आणि ओढूनताणून पोहोचवला तर येणारे-जाणारे अडखळतात. म्हणून बिनतारी कीबोर्ड आणला आणि आपल्या लेखाचे कात्रण समोर ठेवून बसले.

पहिली संध्याकाळ यादीकडे बघण्यात गेली. पडद्याच्या कोपऱ्यातल्या ब्लूटूथच्या खुणेवर क्लिक केले, ‘ॲड डिव्हाइस’ निवडले. यादीत माझा फोन आला, कुणाचे तरी इअरफोन आले, भिंतीपलीकडचा एक टीव्ही आला. नुसते आकडे असलेली दोन अनोळखी नावे आली. माझा कीबोर्ड आला नाही. सेल काढून घातले, उलटे नाहीत ना ते पाहिले, संगणक बंद-चालू केला. तासाभराने भाच्याला फोन लावला.

तो म्हणाला, “मावशी, कीबोर्डाच्या पोटात नखाएवढं काही खोचलेलं आहे का?”

होते. सेलच्या शेजारच्या खाचेत डोंगल होते, म्हणजे कीबोर्डाचे बोलणे ऐकायला संगणकाच्या यूएसबी खाचेत खोचायचा चिमुकला तुकडा.

“मग तो आत्ता डोंगलशी बोलतोय. ब्लूटूथवर नाहीच आहे.”

बाजारात ‘बिनतारी’ या एका नावाखाली दोन वेगवेगळ्या जाती विकल्या जातात, हे आपल्या लेखात कुठेच नाही. पहिल्या जातीच्या कीबोर्डासोबत डोंगल येते. त्या दोघांची ओळख कारखान्यातच करून दिलेली असते. संगणकाच्या दृष्टीने ते डोंगल म्हणजे साधा यूएसबीचा कीबोर्ड. खोचले की काम सुरू. असा कीबोर्ड ब्लूटूथच्या यादीत जन्मात दिसणार नाही, कारण तो ब्लूटूथ बोलतच नाही. दुसऱ्या जातीला डोंगल लागत नाही, पण ओळख आपल्याला करून द्यावी लागते. माझ्यासारख्या काही कीबोर्डांना दोन्ही विद्या येतात आणि कोणती वापरायची ते वरच्या १, २, ३ अशा छोट्या कळांवर ठरते. माझा १ वर होता. १ म्हणजे डोंगल. खोक्यावर हे लिहिलेले आहे, इतक्या बारीक टायपात की ते मी आयुष्यभर ज्या भिंगाने कामे केली त्याच भिंगाने वाचले.

ब्लूटूथ संगणकात आहे का, हेही आधी बघावे लागते. रास्पबेरी पायच्या मूळ मालिकेत ते बोर्डावरच आले ते फेब्रुवारी २०१६ मधल्या तिसऱ्या पिढीपासून. २०१२ ते २०१५ मधला जुना बोर्ड कुणाला भेट मिळाला असेल तर त्याने यादीकडे कितीही टक लावली तरी व्यर्थ. त्याला ब्लूटूथचे वेगळे डोंगल लागेल किंवा सरळ पहिल्या जातीचा कीबोर्ड.

मग मी २ ची कळ दाबून धरली. दिवा भराभर लुकलुकू लागला. एकदाच दाबून सोडली तर तो संथ लुकलुकतो. या दोन लुकलुकण्यांतला फरक मला दुसऱ्या दिवशी कळला, तो इथेच सांगते. माझ्या कीबोर्डावर भराभर म्हणजे ‘मी नव्या ओळखीला तयार आहे’ आणि संथ म्हणजे ‘मी माझ्या जुन्या माणसाला शोधतो आहे’. संथ लुकलुकणारा कीबोर्ड नव्या संगणकाला दाद देत नाही. दुसऱ्या बनावटीत खूण निराळी असेल. पण ओळखीसाठीची अवस्था आणि नेहमीची अवस्था या वेगळ्या असतात, हे सगळीकडे खरे.

आता गंमत पाहा. कीबोर्ड यादीत दिसू लागला, पण मला लेखातल्या चौकटीत छापलेल्या आज्ञा द्यायच्या होत्या. त्या टंकायच्या कशाने? डोंगल खोचून याच कीबोर्डाने टंकावे, तर ओळखीसाठी त्याला २ वर न्यावे लागते, आणि २ वर नेला की डोंगलशी त्याचे बोलणे बंद. कपाटाची किल्ली कपाटातच. शेवटी माळ्यावरचा तारेचा कीबोर्ड काढला, धूळ झटकली आणि टीव्हीपाशी उभे राहून काम केले. ज्यांच्याकडे दुसरा संगणक आहे आणि ज्यांनी पायवर एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून आज्ञा घेण्याची सोय, आधीच चालू करून ठेवली आहे त्यांना तिकडून आज्ञा देता येतात. नुसता माऊस असेल तर पडद्यावरच्या मेनूतूनही बरेचसे काम होते. पण बिनतारी कीबोर्डाची पहिली ओळख करून देताना हाताशी दुसरे काहीतरी चालू साधन हवे, ही एक ओळ लेखात असती तर मी कीबोर्ड घ्यायला गेले त्याच दिवशी माळ्यावर चढले असते.

चौकटीत तीन आज्ञा होत्या. आधी ‘ब्लूटूथसीटीएल’ हा प्रोग्राम उघडायचा, मग स्कॅन, पेअर आणि कनेक्ट. लेखात शेवटच्या दोन्हींना ‘जोडा’ म्हटले आहे. डोंगल खोचण्यालाही ‘जोडा’च म्हटले आहे. त्यामुळे पहिले ‘जोडा’ वाचून मी डोंगल खोचले, दुसरे वाचून पेअर केले आणि तिसरे वाचून मला वाटले, हे तर झाले की.

स्कॅन केल्यावर प्रत्येक उपकरणाचा पत्ता दिसतो. दोन-दोन चिन्हांच्या सहा जोड्या, मध्ये विसर्गचिन्हासारखे दोन टिंब. शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजी ए ते एफ ही अक्षरे, एवढ्यांतूनच तो बनतो, त्यामुळे त्यात ओ हे अक्षर कधीच नसते. दिसले तर ते शून्यच. बी आणि ८ मात्र टीव्हीच्या पडद्यावर सारखेच दिसतात. मी पत्ता दोनदा चुकीचा टंकला. भाचा म्हणाला, पहिली दोन चिन्हे टंकून टॅब दाब, उरलेला पत्ता आपोआप येतो. ३६ वर्षांच्या सवयीला हे लाच घेतल्यासारखे वाटले, पण घेतली.

पेअर म्हटले आणि पडद्यावर ‘पासकी’ म्हणून सहा अंक उमटले. इथे माझी दुसरी संध्याकाळ गेली. पडद्यावर अंक, त्याखाली चमकणारा कर्सर, हाताखाली तारेचा कीबोर्ड. कुणीही शहाणा माणूस काय करील? तेच मी केले. अंक तारेच्या कीबोर्डावर टंकले. काही वेळाने ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ असा निरोप आला. पुन्हा केले, नवे सहा अंक, पुन्हा तोच निरोप. पाचव्या खेपेला मी अंक मोठ्याने वाचून, एकेक तपासून टंकले. प्रुफात मी कधी एवढी काळजी घेतली नसेल.

ते अंक नव्या कीबोर्डावर टंकायचे असतात. तो कीबोर्ड अजून मुका आहे, त्यावर दाबलेले पडद्यावर उमटेल याची खात्री नाही, तरीही त्याच्यावरच, न बघता, सहा अंक आणि शेवटी एंटर. हा एंटर विसरला तर संगणक वाट बघून कंटाळतो आणि पुन्हा तोच निरोप देतो. तर्क असा: अंक संगणकाच्या पडद्यावर आहेत आणि ते कीबोर्डाकडून परत येत आहेत, म्हणजे पडदा बघणारा आणि कीबोर्ड हाताळणारा माणूस एकच आहे. संगणकाला एवढीच खात्री हवी असते. कळल्यावर हे किती सरळ वाटते! पण निरोपात ‘अंक नव्या कीबोर्डावर टंका’ असे कुठे लिहिलेले नव्हते. माऊसने मेनूतून केले तर ‘हा कोड उपकरणावर टंका’ अशा अर्थाची सूचना निदान येते. आज्ञांच्या खिडकीत आपले आपण ओळखायचे.

काही वेळा हे सहा अंक उमटतच नाहीत आणि पेअरिंग फसते. तेव्हा बहुधा अंक दाखवणारा मध्यस्थ, ज्याला तिथे ‘एजंट’ म्हणतात, तो कामावर नसतो. ‘एजंट ऑन’ आणि ‘डिफॉल्ट-एजंट’ या दोन आज्ञा आधी द्याव्यात. प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत मध्यस्थ आपण होऊन हजर होतो, जुन्या आवृत्तीत बोलवावा लागतो. आणि यादीच रिकामी असेल, ब्लूटूथ बंद असल्याचा निरोप येत असेल, तर ‘आरएफकिल’ नावाची आज्ञा रेडिओला कुलूप आहे का ते दाखवते आणि काढूनही देते. यात मला काही अडचण आली नाही, म्हणून पुढे जाते.

इथे चौकटीविषयीची माझी खरी हरकत. अंकांची कटकट नको असेल तर असा मध्यस्थ निवडा की जो अंक विचारतच नाही, असा सल्ला त्यात आहे. संपादक महोदय, हा सल्ला छापायला नको होता. पडदा आणि कळा नसलेल्या स्पीकरसाठी तो ठीक आहे. कीबोर्डावर आपण पासवर्ड टंकतो. सहा अंक म्हणजे दहा लाख शक्यता, आणि त्यांतली बरोबर एक आपल्या हाताने पुरवली म्हणून दोघांना एकमेकांविषयी खात्री पटते. ती पायरी गाळली तर मधे कुणी तिसरा बसला आहे का, हे तपासायचा मार्गच उरत नाही. पाय ज्यावर चालतो त्या लिनक्ससह अनेक संगणक-प्रणालींत, मालकाच्या नकळत कुणी आपला खोटा कीबोर्ड संगणकाला चिकटवून त्यात टंकू शकेल अशी फट होती आणि ती डिसेंबर २०२३ मध्ये उघडकीस आली. दुरुस्तीही लगेच निघाली, म्हणून पाय अद्ययावत ठेवावा. भाच्याने हे सांगितले तेव्हा मला पाचही फसलेल्या खेपांचा राग थोडा कमी झाला.

अंक बरोबर गेले, ‘पेअरिंग सक्सेसफुल’ आले, कनेक्ट केले, आणि मी आठ फुटांवरून माझे नाव टंकले. पडद्यावर उमटले. तारेचा कीबोर्ड माळ्यावर परत गेला. ही घाई झाली.

तिसऱ्या संध्याकाळी पाय सुरू केला तर कीबोर्ड मुका. दिवा संथ लुकलुकतोय, म्हणजे तो जुन्या माणसाला शोधतोय, आणि जुना माणूस समोर टीव्हीच्या पाठीला बसून ओळख देत नाही. माळ्यावर परत कोण चढणार? भाचा त्या दिवशी घरी आला होता, तो चढला. आज्ञांच्या खिडकीत त्याने ‘इन्फो’ म्हटले. उत्तरात ओळीने लिहिले होते: पेअर्ड, होय. ट्रस्टेड, नाही. कनेक्टेड, नाही.

तीन वेगळ्या ओळी, तीन वेगळी उत्तरे. इथे पेन्सिल समासाकडे वळली.

पेअर म्हणजे ओळख पटणे. सहा अंकांच्या साक्षीने दोघे एक गुप्त किल्ली ठरवतात आणि आपापल्या जवळ जपून ठेवतात. हे एकदाच होते. कनेक्ट म्हणजे संपर्क सुरू होणे. तो दिवसातून दहा वेळा तुटेल आणि दहा वेळा जुळेल, कारण सेल वाचवण्यासाठी कीबोर्ड थोड्या वेळाने झोपतो. या दोहोंच्या मधे ट्रस्ट आहे, भरवसा. पाय बंद होऊन पुन्हा सुरू झाला की संपर्काची मागणी कीबोर्डाकडून येते: आपण कळ दाबतो, तो जागा होतो आणि दार ठोठावतो. त्या उपकरणावर भरवसा आहे असे नोंदलेले असेल तर दार उघडते. नसेल तर ‘याला आत घेऊ का?’ असे मध्यस्थाला विचारले जाते, आणि नुकत्याच सुरू झालेल्या संगणकात मध्यस्थ अजून आलेलाच नसतो. मग ओळखीचा कीबोर्डही दारात उभा राहतो. ओळख आहे, भरवसा नाही. माणसांतसुद्धा हे वेगळे असते आणि मराठीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत. ‘ट्रस्ट’ ही आज्ञा, पुढे कीबोर्डाचा पत्ता, एंटर. माझ्या तिसऱ्या संध्याकाळचे उत्तर एवढेच होते. आपल्या चौकटीत तीन आज्ञा छापल्या आणि चौथी, जिच्यावाचून बाकीच्या तिघी एका रात्रीच्या पाहुण्या ठरतात, ती गाळली. मेनूतून केलेल्या जोडणीत हा भरवसा बहुधा न सांगता नोंदला जातो. आज्ञा देणाऱ्याला तो स्वतः द्यावा लागतो.

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड या राजाच्या टोपणनावावरून घेतले आहे. तात्पुरते म्हणून सुचवले होते, तेच टिकले. त्याची ती टोकदार खूण म्हणजे त्या राजाच्या नावाच्या आद्याक्षरांची, एच आणि बी यांची, जुन्या रून लिपीतली दोन अक्षरे एकाच दांड्यावर बसवलेली. म्हणजे जोडाक्षर! आपण मराठी माणसे जोडाक्षरात पहिले अक्षर अर्धे आणि दुसरे पूर्ण असते हे पहिलीत शिकतो आणि पुढे ‘जोडा’ या एका शब्दावर सगळे भागवतो. हे विषयांतर कापायचे असेल तर खुशाल कापा, भरवशाचा परिच्छेद मात्र ठेवा.

चौथी संध्याकाळ मी स्वतःच ओढवून घेतली. मधल्या दिवशी टॅब्लेटवर एक पत्र लिहायचे होते, म्हणून २ ची कळ दाबून धरली आणि कीबोर्ड टॅब्लेटला ओळखवला. परत पायकडे आले तर नकार. झाले असे की २ या घरात एकाच संगणकाची किल्ली राहते. टॅब्लेट आत आला तेव्हा पायची किल्ली बाहेर फेकली गेली. पण पायजवळची जुनी किल्ली तशीच होती, त्याला बिचाऱ्याला काहीच कळले नव्हते. एका बाजूने ओळख विसरली आणि दुसरी बाजू धरून बसली, की दोघांचे जमत नाही आणि निरोप पुन्हा तोच, ओळख पटली नाही. पुन्हा पेअर म्हणावे तर ‘ऑलरेडी एक्झिस्ट्स’, आधीच आहे. यावर ‘रिमूव्ह’ हाच उपाय: पायच्या वहीतले जुने पान फाडायचे, कीबोर्डाची कळ पुन्हा दाबून धरायची आणि सहा अंकांपासून नव्याने सुरुवात.

ते केले, तरी एक गाठ उरली. यादीत माझा कीबोर्ड दोनदा दिसत होता, नाव अक्षरशः तेच. एकाशी संपर्क होई, दुसऱ्याशी काही केल्या नाही. पत्ते शेजारी लिहून घेतले आणि प्रुफासारखे ताडून पाहिले. पहिल्या पाच जोड्या सारख्या, सहाव्या जोडीत शेवटचे चिन्ह एकाने पुढे. माझा कीबोर्ड दर नव्या ओळखीला पत्त्याचा शेवटचा आकडा एकाने वाढवतो. जुन्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही, पण पाटी तशीच आहे. जुनी नोंद काढून टाकली आणि नव्याला भरवसा दिला. भाच्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती. मावशीने त्याला शिकवलेली संगणकातली ही पहिली गोष्ट, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. टॅब्लेट आता ३ वर आहे आणि त्याला पायच्या घरात पाऊल टाकायची मुभा नाही.

यानंतरही एक त्रास शिल्लक होता, तो ओळखीचा नव्हता, हवेतला होता. कधी डोंगल वापरले की मधली अक्षरे गळत. ‘परिच्छेद’ टंकला की ‘परिछेद’ येई. मला क्षणभर वाटले, वयाने माझेच शुद्धलेखन सुटले. डोंगल निळ्या यूएसबी खाचेत होते आणि शेजारच्या निळ्या खाचेत हार्ड डिस्क. निळ्या खाचा यूएसबी ३ च्या. त्यांच्यातून माहिती इतक्या वेगाने धावते की तिचा रेडिओ गोंगाट थेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, आणि डोंगलही त्याच पट्ट्यात कुजबुजत असते. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढले होते. डोंगल काळ्या खाचेत हलवले, एक हातभर लांबीची यूएसबी वायर मधे घातली, अक्षरे गळायची थांबली. ब्लूटूथ आणि वाय-फायही याच पट्ट्यात असतात आणि पायवर त्या दोघांची चिप एकच. ब्लूटूथ सेकंदाला शेकडो उड्या मारत गर्दीतून वाट काढते खरे, पण वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेले तर त्याला मोकळे रान मिळते. पाय सगळीकडून बंद अशा धातूच्या डबीत घातला असेल तर डबी उघडून एकदा बघावे. माझी डबी प्लास्टिकची आहे.

आणि वीज. माझ्या पडद्यावर कधीमधी पिवळी वीज चमके, ती मी सजावट समजत होते. व्होल्टेज ४.६३ व्होल्टच्या खाली गेले की ती खूण येते. मी जुन्या फोनचा चार्जर वापरत होते. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा ॲडॉप्टर लागतो. तो बदलल्यापासून वीज चमकली नाही आणि कीबोर्ड मधेच सुटण्याचे प्रकारही थांबले. दोन्हींचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही, पण आधी हेच करायला हवे होते.

तेव्हा पुढच्या रविवारी शुद्धिपत्र छापावे, ही विनंती. मसुदा मीच देते, आपल्याला तोशीस नको. त्या अडीच ओळींत पहिल्या ‘जोडा’च्या जागी ‘डोंगल असल्यास ते खोचा, नसल्यास कीबोर्डाची कळ दाबून धरून तो ओळखीच्या अवस्थेत आणा’ असे वाचावे. दुसऱ्याच्या जागी ‘ओळख पटवा, पडद्यावरचे सहा अंक नव्या कीबोर्डावर टंकून एंटर दाबा’ असे वाचावे. त्यानंतर ‘भरवसा नोंदवा’ ही गळलेली पायरी घालावी. तिसऱ्या ‘जोडा’च्या जागी ‘संपर्क सुरू करा’. चौकटीतला अंक टाळण्याचा सल्ला रद्द समजावा. पुढील लेखांत पेअर, ट्रस्ट आणि कनेक्ट या तिघांना तीन वेगळे मराठी शब्द वापरावेत. माझे आवडले नाहीत तर दुसरे घ्या, पण तीन घ्या.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(नाव-पत्ता आपल्या दफ्तरी आहे.)

ता. क. हे पत्र दोन दिवस आधी यायचे होते. ई-मेलच्या पत्त्यात ॲटची खूण टंकली की दुहेरी अवतरणचिन्ह उमटत होते. पायचा जन्म इंग्लंडातला, त्यामुळे त्याची मुळातली कळमांडणी ब्रिटिश, आणि माझ्या कीबोर्डाच्या कळांवर छापलेली अमेरिकन. ब्रिटिश मांडणीत या दोन खुणांची अदलाबदल असते आणि शिफ्ट ३ वर पौंडाची खूण येते. ‘रास्पी-कॉन्फिग’ या पायच्या सेटिंग्ज बदलण्याच्या प्रोग्राममध्ये जाऊन मांडणी बदलली. पासवर्डात ॲटची खूण असणाऱ्यांनी हे आधी तपासावे. पासवर्ड टंकताना नुसती टिंबे दिसतात, किंवा काहीच दिसत नाही, आणि माणूस पुन्हा कीबोर्डालाच दोष देतो.